स्क्रोल सॉवर नेमकं कापायला शिकताना

मार्गशीर्षात तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा हा आपल्याकडे हौशी माणसाचा आवडता नमुना. कागदावर आकृती, कागद प्लायवर आणि प्लाय स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पातं वर-खाली चालवणाऱ्या करवतीच्या मशीनवर. पहिला घोडा बहुतेकांचा सारखाच निघतो. वरून पाहिला तर रेष बऱ्यापैकी धरलेली असते. उलटा केला की एक पाय जाड, एक बारीक, आणि वरून टोकदार दिसणारा कान खालून अर्धा गायब. मग दोष हाताच्या थरथरीला दिला जातो. हात तेवढा थरथरत नाही. कापताना पातं वाकलेलं असतं.

नवशिक्याच्या हातात असतं ते पाच नंबरचं पातं रुंदीला जेमतेम एक मिलिमीटर आणि जाडीला त्याच्या निम्म्याहून कमी असतं. वर-खाली आवळलेलं असलं तरी मध्ये ते मोकळंच. रेष सुटतेय असं वाटलं की आपण फळी बाजूला रेटतो, पात्याला बाक येतो आणि कापलेली कड ओळंब्यात राहत नाही. या मशीनवरची नेमकेपणाची जवळपास प्रत्येक युक्ती शेवटी इथेच येते: पात्याला बाजूने रेटा बसू द्यायचा नाही. मशीन लावणं, पातं निवडणं, कागद चिकटवणं, स्टूल कुठे ठेवायचं, सगळं त्यासाठीच.

मशीन

घरच्या कामाला १६ इंची मशीन पुरतं. हे १६ इंच म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची जागा. त्याहून लांब फळी फिरवताना मागे अडते. वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच. बहुतेक मशीनवर मिनिटाला साधारण ४०० ते १६०० फटके असा पल्ला मिळतो. पण दुकानदाराला विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे: बिनपिनची पाती बसतात का? पिनवालं, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेलं पातं लावायला सोपं असतं, पण आतली नक्षी कापताना पिन आत जाण्यासाठी फळीला चांगलं मोठं भोक पाडावं लागतं आणि बारीक नंबरची पाती पिनमध्ये मिळत नाहीत. जाळीकाम करायचं मनात असेल तर बिनपिनच्या पात्याची पकड असलेलंच मशीन घ्या. दोन्ही प्रकारच्या पात्यांची लांबी ५ इंच असते.

मशीन टेबलाला बोल्टने आवळा आणि खाली जुन्या टायरट्यूबचं रबर घाला. डुगडुगत्या टेबलावर रेषच हलताना दिसते, तिथे हाताची काय कथा. टेबलाची उंची अशी ठेवा की बसल्यावर कोपर साधारण मशीनच्या पृष्ठभागाच्या पातळीला येईल. दिवा डावीकडून आणि खालून घ्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने पात्याची सावली नेमकी रेषेवर पडते.

खेड्यावर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि मशीनचा वेगही उतरतो. नाजूक वळण अर्ध्यावर असेल तर फळी पुढे सारणं थांबवा आणि बटण बंद करा. वेग उतरलेला असताना पूर्वीच्याच गतीने फळी सारली तर पातं कापत नाही, नुसतं ढकललं जातं.

गॉगल आणि मास्क रोजचे समजा. सागाचा भुसा अनेकांच्या घशाला आणि कातडीला चावतो, एमडीएफचा भुसा तर पिठासारखा बारीक असतो आणि त्यातला डिंक फुप्फुसांना चांगला नाही. ओढणी, उपरणं, मनगटातला दोरा आधी काढा. पातं बदलताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका.

पातं

बारीक पातं म्हणजे नेमका काप, हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. बारीक पातं घट्ट वळणं घेतं हे खरं, पण ते लवकर वाकतं आणि नवशिक्याला धरवत नाही. नंबर जितका मोठा तितकं पातं जाड: २/० (शून्याच्याही खालचा नंबर) हे केसासारखं, १२ हे दणकट. सुरुवात पाच नंबरने करा, १२ ते १८ मिलिमीटरच्या मऊ लाकडावर. ६ मिलिमीटरच्या प्लायला तीन नंबर बरा. १८ मिलिमीटरच्या सागाला सात किंवा नऊ. २/० हातात घेण्याची घाई करू नका.

दात्यांच्या प्रकारांपैकी दोन ओळखता आले तरी पुरे. स्किप टूथ म्हणजे एकाआड एक दात वगळलेलं पातं. यात भुसा मोकळा बाहेर पडतो, पातं कमी तापतं. रिव्हर्स टूथ म्हणजे खालचे थोडे दाते वरच्या दिशेने असलेलं पातं. वर जाताना ते खालच्या बाजूचे रेशे कापतात, त्यामुळे प्लायची खालची कड उसवत नाही. प्लायवर काम करणार असाल तर हेच मागा. स्पायरल नावाचं पिळाचं पातं कोणत्याही दिशेने कापतं, फळी फिरवावीच लागत नाही, हे ऐकून नवशिके त्याच्यावर भाळतात. माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षात ते घेऊ नये. त्याचा काप रुंद आणि खरबरीत पडतो, लाकडाच्या रेशांबरोबर ते वाहवत जातं आणि फळी फिरवायची सवय हाताला लागतच नाही.

पाती डझनावर मिळतात, तशीच घ्या. सागात सिलिका असते, ती दाते झपाट्याने मारते. बोथट पातं लगेच तुटत नाही, म्हणून ते चालू आहे असं आपल्याला वाटत राहतं. जळका वास येऊ लागला, कड काळी पडू लागली किंवा आधीपेक्षा जास्त ढकलावं लागतंय असं वाटलं की पातं काढून टाका. बोथट पात्याला जोर लागतो, आणि जोर लावला की ते वाकतं. पातं वाचवण्याच्या नादात फळी वाया जाते.

बसवताना दाते समोर आणि खालच्या दिशेने हवेत. नीट न दिसल्यास पात्यावर बोट हलकेच खालून वर न्या. बोट अडलं तर बरोबर, घसरलं तर पातं उलटं आहे. रिव्हर्स टूथमध्ये तळाशी याच्या उलट लागेल, तेव्हा ही चाचणी पात्याच्या मध्यावर करा.

ताण आणि ओळंबा

ताण देऊन पातं बोटाने तारेसारखं छेडा. स्वच्छ, उंच आवाज यायला हवा. मेलेला, ठस्स आवाज आला तर आणखी आवळा. मग मध्यावर बोटाने बाजूला हलकं दाबा. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याहून जास्त हललं तर ताण कमी आहे. नवशिके पातं तुटेल या भीतीने ताण कमी ठेवतात. ढिलं पातंही तुटतंच, शिवाय तुटेपर्यंत वेडंवाकडं कापतं.

आता टेबलाचा, म्हणजे मशीनच्या ज्या पृष्ठभागावर फळी टेकते त्याचा, कोन. मशीनवरच्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. छोटा गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, पात्याला लावून पाहा, म्हणजे मोठी चूक लगेच दिसेल. मग खरी परीक्षा: दीड इंच जाडीचा लाकडी ठोकळा घ्या, त्यात पात्याने थोडीशी खाच पाडा, मशीन बंद करा, ठोकळा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला आणा आणि तीच खाच पात्याच्या पाठीवर सरकवून पाहा. खाच अलगद बसली तर कोन काटकोनात आहे. वर किंवा खाली अडली तर टेबल झुकलेलं आहे, आणि अडचण दुप्पट होऊन दिसत असल्याने फार बारीक चूकही पकडता येते. टेबल हलवा, नवी खाच पाडा, पुन्हा पाहा. मशीन इकडून तिकडे नेलं की ही परीक्षा परत घ्या.

पातं सरळ का जात नाही

पहिल्या दिवशी सगळे एकदा तरी विचारतात: फळी अगदी सरळ सारतोय, तरी काप एका बाजूला का पळतो? बहुतेक पाती ज्या पद्धतीने बनतात त्यात दात्यांच्या एका बाजूला धातूची बारीक कोर राहते. ती बाजू जास्त कापते, म्हणून काप तिकडे, बहुधा उजवीकडे, ओढला जातो. हा मशीनचा बिघाड नाही आणि तुमचाही नाही. त्याच्याशी झगडलात तर बाजूचा रेटा आलाच.

उपाय झगडण्याचा नाही, मोजण्याचा आहे. फळीच्या कडेला समांतर सरळ रेष आखा आणि सावकाश कापत जा. कडेकडे न पाहता फक्त रेष पात्यावर राहील एवढंच पाहा. चार बोटं कापून झाल्यावर हात न हलवता थांबा. फळी टेबलावर किंचित तिरकी दिसेल. तो तिरकेपणा हीच त्या पात्याची स्वाभाविक दिशा. आता मशीन किंवा तुमचं स्टूल तेवढंच वळवून घ्या, म्हणजे ती दिशा तुमच्या छातीसमोर येईल आणि मेंदूला तिरकं सारल्यासारखं वाटणार नाही. नव्या डझनातलं पहिलं पातं लावलं की हे एकदा करून घ्या. ज्यांनी हे केलेलं नसतं त्यांना सरळ रेष आयुष्यभर अवघड वाटत राहते, आणि वळणं सोपी.

लाकूड आणि कागद

पातळ फळी सोपी, असं वाटतं. सुरुवातीला ती अवघड असते. तीन मिलिमीटरच्या प्लायमधून पातं इतकं सहज धावतं की फळी वळवायच्या आत रेष मागे पडते. जाड, मऊ लाकूड पात्याला थोडं अडवून धरतं आणि हाताला वेळ देतं. म्हणून १८ मिलिमीटरचं पाइन उत्तम. एमआयडीसीकडे यंत्रांच्या पॅकिंगपेट्यांच्या पाइनच्या फळ्या भंगारात निघतात, त्या घ्या, फक्त खिळे लोहचुंबकाने शोधून काढा. पातळच कापायचं झालं तर खाली टाकाऊ प्लायचा तुकडा चिकटवून जाडी वाढवा.

वखारीतून सागाच्या कापट्या स्वस्तात मिळतात, त्या पाइनवर हात बसल्यावर. शिसवी सुंदर, पण लवकर जळते. बाभूळ आणि आपल्या सातपुड्याकडचं अंजन यांच्या नादी सध्या लागू नका. अंजन देशातल्या सर्वात जड, कठीण लाकडांपैकी एक आहे. त्यात बारीक पातं घालणं म्हणजे डझनाचा हिशोब लावत बसणं.

नमुन्याची झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई घामाच्या एका थेंबाने पसरते, आणि एप्रिल-मेमध्ये घाम कुठे थांबतो. आधी लाकडावर मास्किंग टेप लावा, टेपवर फेविस्टिकने कागद चिकटवा, आणि वरून पारदर्शक पॅकिंग टेप. या वरच्या टेपने पातं कमी तापतं आणि कडा जळत नाहीत. साग-शिसवीला तर ती हवीच. उन्हाळ्यात टेप लाकडावर रात्रभर ठेवू नका, तिचा चिकटा उन्हाच्या तडाख्यात लाकडात मुरतो. कूलरच्या झोतासमोर प्लाय ठेवणंही टाळा. ओलसर हवेने कागदाच्या कडा उचलतात, आणि उचललेल्या कागदामागे कापणारा माणूस भलतीकडे जातो.

हात

दोन्ही हात फळीवर, बोटं पात्याच्या दोन बाजूंना, कधीच सरळ समोर नाहीत. खाली दाब एवढाच की फळी उडणार नाही. पुढे सारण्याचा जोर त्याहून कमी. आपल्या अहिराणीत सांगायचं तर, जोर नको लाऊ भो, कापानं काम पातानं शे. नजर पात्यावर रोखू नका. पात्याच्या पुढे एक सूतभर रेषेवर ठेवा. पात्याकडे पाहणाऱ्याला चूक झाल्यावर कळते.

रेषेच्या कोणत्या बाजूने कापायचं हे सुरू करण्याआधी ठरवा: बरोबर मधोमध, की रेष राखून टाकाऊ बाजूने. काहीही चालेल, पण अर्ध्यात बदलू नका. मला विचाराल तर नवशिक्याने रेष राखावी. राहिलेलं लाकूड पॉलिश पेपरने काढता येतं, गेलेलं लावता येत नाही.

रेष सुटली तर झटका देऊन परत येऊ नका. अर्ध्या-पाऊण इंचाच्या अंतरात हळूहळू तिच्यावर या. कागद काढल्यावर मूळ रेष कुठे होती हे कोणाला दिसत नाही, पण झटक्याची गाठ सगळ्यांना दिसते.

वळण घेताना फळी सरकवण्यापेक्षा फिरवण्याचा विचार करा. एका हाताचं बोट खुंटीसारखं स्थिर, दुसरा हात फळी त्याभोवती वळवतो. गोल आकारात नवशिके वळणावर वेग वाढवतात आणि गोलाचे कोपरे होतात. वेग तोच ठेवा, थांबूही नका. थांबल्या जागी खाच पडते.

टोकदार कोपऱ्याच्या तीन रीती आहेत. बाहेरचा कोपरा, म्हणजे चौकोनाचा, सर्वात सोपा: रेष संपली तरी पुढे टाकाऊ लाकडात जा, छोटा वळसा घाला आणि दुसऱ्या रेषेवरून परत या. आतल्या कोपऱ्यात असा वळसा घालता येत नाही. तिथे टोकापर्यंत जा, कापलेल्या वाटेनेच मागे या, आणि दुसऱ्या बाजूने त्याच टोकाला भेटा. तिसरी रीत जागच्या जागी फिरण्याची. टोकावर आलात की पुढचा जोर पूर्ण सोडा, फळी किंचित स्वतःकडे ओढा, म्हणजे पात्याची बिनदात्याची पाठ लाकडाला टेकते, आणि तशीच फळी चटकन फिरवा. दाते हवेत, पाठ टेकलेली, म्हणून भोक मोठं होत नाही. ही जमायला वेळ लागतो. टाकाऊ तुकड्यांवर घोटवा.

सरावाचा क्रम मी असा सांगेन. आधी नागमोडी रेषा, बऱ्याच. मग सरळ. मग करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, तिन्ही प्रकारचे कोपरे त्यातच येतात. मग आत गुंडाळत जाणारी गोगलगाय. त्यानंतर केळीचा घड. रावेर-यावलकडच्या माणसाला तो डोळे मिटून काढता येईल, आणि शिकायला तो फार गुणी आहे: प्रत्येक केळ्याची कड म्हणजे एक लांब, संथ वळण आणि शेवटी एक टोक.

घोडा त्यानंतर. त्यात अवघड वळणं कमी आहेत, अडचण पायांची असते. अख्ख्या लाकडात कापत असाल तर लाकडाचे रेशे पायांच्या लांबीला समांतर धरा. आडवे धरले तर बारीक पाय हातात येतो. प्लायमध्ये थर आलटून-पालटून असल्याने ही चिंता नाही. पाय आधी कापा, मोठं शरीर आधी सोडवलं तर धरायला काही उरत नाही. पोळ्याची बैलजोडी करायची असेल तर दोन थर एकत्र कापा, दोन्ही बैल हुबेहूब निघतात. थर टाकाऊ भागात दुतर्फी टेपने जोडा आणि कडेने घट्ट टेप गुंडाळा. एकूण जाडी १८-२० मिलिमीटरपुढे नेऊ नका.

आतली जाळी

आतल्या प्रत्येक खिडकीसाठी एक भोक. बिनपिनच्या पात्याला दीड-दोन मिलिमीटरचं बिट पुरतं. भोक टाकाऊ भागात, कोपऱ्याच्या जवळ पण रेषेला न चिकटता. ड्रिलखाली टाकाऊ फळी ठेवा, नाहीतर खालून चिरफळ्या निघतात, आणि नंतर खालची बाजू पॉलिश पेपरने साफ करा. हे शेवटचं काम लोक विसरतात. भोकाची उठलेली कड टेबलावर अडकते, फळी नेमकी वळणावर अडखळते आणि काप झटका घेतो.

कापायची सुरुवात मधल्या, लहान खिडक्यांपासून करा आणि बाहेरच्या मोठ्यांकडे जा. बाहेरची कड सर्वात शेवटी. उलटं केलं तर मधली नक्षी आधाराविना थरथरते आणि तिथे पातं हवं तसं राहत नाही.

आता कापून पडलेले तुकडे लगेच फेकू नका. त्यातला एखादा मोठा तुकडा त्याच्या जागी परत बसवा आणि एकदा वरून, एकदा खालून दाबून पाहा. दोन्हीकडून अलगद निघाला तर कड ओळंब्यात आहे. एकाच बाजूने निघत असेल आणि दुसऱ्या बाजूने सगळीकडे घट्ट होत असेल, तर टेबलाचा कोन बिघडलाय. ठोकळ्याची खाच पुन्हा पाडा. एका विशिष्ट वळणावरच अडकत असेल तर कोन ठीक आहे, तिथे तुम्ही फळी बाजूला रेटली होती. त्या जागी पेन्सिलने खूण करा आणि पुढच्या तुकड्यात त्या वळणाआधी वेग कमी करा.